आखाजीचा विस्तव

धुळ्यात मुलाच्या घरी आता नळाचा गॅस आला आहे. गल्ली खणली, पिवळे पाईप पुरले, आणि गळ्यात कंपनीचं कार्ड लटकवलेला एक माणूस स्वयंपाकघरात येऊन भिंतीला मीटर ठोकून गेला. जाताना मला म्हणाला, "आजी, पाईपचा गॅस पहिल्यांदाच बघताय ना?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, मी पंधरा वर्षांची होते तेव्हा आमच्या घरात होता." तो हसला. सूनही हसली. म्हातारी काहीतरी बरळते असं दोघांना वाटलं असणार. मी पुढे बोलले नाही. बोलण्यासारखं त्यात अभिमानाचं काही नाही, म्हणून इतकी वर्षं कोणाजवळ काढलं नव्हतं. मी चौथी शिकलेली बाई. सुचेल तसं लिहिते.

आमचं गाव चोपड्याच्या खालच्या अंगाला. काळी जमीन, केळीचे बाग, कापूस, आणि घरोघरी जनावरं. माझे वडील, त्यांना घरात आणि गावात सगळे नानाच म्हणायचे, सातवी पास होते. एवढ्या शिक्षणावर माणूस तेव्हा गावात मोठा समजला जायचा. कुठल्या तरी सभेत त्यांनी ऐकलं की शेणाचा गॅस करून तो अख्ख्या गावाला पाईपनं देता येतो. ते वेड घेऊनच ते घरी आले. जळगावच्या हापिसात त्यांनी चपला झिजवल्या, साहेब लोकांना घरी आणून जेवू घातलं, गावाची सोसायटी केली आणि स्वतः तिचे सेक्रेटरी झाले. गावठाणाच्या कडेला विहिरीसारखी गोल टाकी खणली. तिच्यावर लोखंडाचा एवढा मोठा ढोल उपडा घातला. खालच्या शेणात गॅस धरला की तो ढोल हळूहळू वर यायचा आणि घरोघरी शेगड्या पेटल्या की खाली बसायचा. गावातली पोरं तो किती वर आला हे बघायला जायची. आमच्या गावाला तोवर बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

टाकीची कळ नानांच्या हातात. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा ते ती फिरवायचे आणि आधी घंटा द्यायचे. घंटा म्हणजे निंबाला टांगलेला लोखंडी पट्टीचा तुकडा. ठण ठण ठण झालं की गल्लीभर बायकांची धांदल. पीठ मळून ठेवलेलं असायचं, काडेपेटी हातात. पाईपमध्ये पाणी साचलेलं असलं की शेगडी आधी फुरफुर करायची, पिवळी ज्योत नाचायची, मग एकदम निळी होऊन स्थिर व्हायची. माझी माय त्या निळ्या ज्योतीकडे पहिले काही दिवस अशी बघायची की भाकर करपायची. तिचे डोळे धुरानं कायम लाल असत, ते त्या वर्षी पहिल्यांदा पांढरे दिसले. हे मी मुद्दाम लिहिते. गॅस वाईट होता असं मला म्हणायचं नाही. गॅस चांगलाच होता.

आबांना मात्र तो पटला नाही. आबा म्हणजे माझे आजोबा, नानांचे वडील. शेगडीवरची भाकर त्यांच्या ताटात पडली की तुकडा मोडायचे, नाकाजवळ न्यायचे आणि म्हणायचे, "हाई भाकर भाजेल नही शे, उकडेल शे." चुलीतले निखारे पुढे ओढून त्यांच्या कडेला उभी करून फुगवलेली भाकर त्यांना लागायची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर, मिरचीचा ठेचा, वर तेल. पण चूल कुठली? नानांनी सोसायटीचा पहिला नियमच तो केला होता: चूल मोडेल त्यालाच पाईप. त्यांना भीती होती की लोक गॅसही घेतील, चूलही ठेवतील आणि शेण मागे ठेवतील. म्हणून नाना स्वतः कुदळ घेऊन घरोघर फिरले. सुरुवात आमच्याच घरातून. मायच्या आधीच्या दोन पिढ्यांनी सारवलेली चूल होती ती. दोन घावांत गेली. मायनं ती माती फेकू दिली नाही, तुळशीच्या बुडाशी नेऊन घातली.

दुसरा नियम शेणाचा. ज्याच्या दावणीला जितकी जनावरं, तितक्या टोपल्या त्यानं रोज टाकीवर द्यायच्या. गोवऱ्या थापायच्या नाहीत. टाकी मोठी होती, तिला शेण पुरत नव्हतं. थंडीत ढोल उठेचना. संध्याकाळी खालच्या गल्लीपर्यंत गॅस पोचायचाच नाही, बायका घंटेच्या निंबाखाली येऊन नानांना बोलायच्या, "नाना, तुना गॅस लाजाळू शे का? आमना घर येवाले लाजस?" नाना चिडायचे. मग त्यांनी तिसरा नियम काढला. गावकीच्या रस्त्यावर, गुरांच्या वाटेवर, नदीकाठी जिथं गुरं बसतात तिथं पडलेलं सगळं शेण सोसायटीचं.

वाटेवरचं शेण तोवर कोणाचंच नसायचं. म्हणजे जे गरीब असतील त्यांचं असायचं. गावाबाहेर भिलाटी होती, भिल्लांच्या आठ-दहा झोपड्यांची. तिथल्या बायका गुरांच्या मागे टोपली घेऊन चालायच्या, शेण उचलायच्या आणि त्याच्या गोवऱ्या थापायच्या. त्यांच्याकडे जनावर नाही, शेत नाही, जळणाला कापसाच्या पऱ्हाट्या मागायला आमच्यासारख्यांच्या बांधावर यावं लागायचं. त्या शेणावर त्यांची चूल पेटायची. त्यातली सायजाबाई आमच्या ओळखीची. आमच्या केळीत निंदायला यायची. एकटी, नवरा गेलेला, अंगानं काटक, जिभेनं त्याहून काटक. आबा हयात असताना ती आमच्या मळ्यातल्या बैलांचं शेणही न्यायची. नानांनी एकदा हटकलं तर आबा म्हणाले होते, "वाटवरनं शेन वाटनं. ते आडावानं नही."

आबा माघात गेले. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. त्यानंतर नानांना अडवणारं घरात कोणी उरलं नाही.

एके दिवशी मी नानांचा डबा घेऊन टाकीवर निघाले होते. गुरं पाण्यावरून परतत होती आणि मागे सायजाबाई, डोक्यावर भरलेली टोपली. नाना निंबाखालून उठले.

"बाई, टोपली आठे ठेव."

"कसाले, नाना?"

"शेन सोसायटीनं शे. रस्ता गावना, गुरं गावना, शेनबी गावनं."

सायजाबाईनं टोपली उतरवली नाही. तशीच उभी राहून म्हणाली, "अन मी? मी गावनी नही का?"

तिथं बसलेले चार-पाच जण हसले. एकजण म्हणाला, "सायजाले आते शेनना परवाना काढना पडी!" दुसरा म्हणाला, "परवानावर तिना फोटो लावा, टोपली संगे." आणखी हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावरची टोपली दोन्ही हातांनी उचलली, नीट, अंगावर सांडू न देता, टाकीच्या हौदात रिकामी केली आणि रिकामी टोपली तिच्या हातात दिली. हे सगळं त्यांनी इतक्या सभ्यपणे केलं की मला ते शिव्या देते तर बरं वाटलं असतं. सायजाबाईच्या केसांत शेणाचा एक ओघळ उतरला होता. तो तिनं बोटानं काढला, हौदाकडे बघितलं आणि तोही त्यात झटकला. "घे," म्हणाली, "हाईबी सोसायटीनं."

मी डबा ठेवला आणि घरी आले. मला तेव्हा लाज वाटली ती नानांची नाही, खरं सांगायचं तर सायजाबाईची वाटली. चार माणसांत माझ्या बापाला उलटून बोलली म्हणून. लाज कोणाची वाटायला हवी हे कळायला मला फार दिवस लागले.

मग आखाजी आली. खान्देशाबाहेरच्या लोकांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस वाटतो. आमच्याकडे आखाजी दिवाळीपेक्षा मोठी. लेकी सासरहून येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि आखाजीच्या दिवशी पितरं जेवायला येतात. पाण्यानं भरलेली घागर पुजायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, आणि मग आगारी टाकायची. आगारी म्हणजे पेटत्या विस्तवावर पितरांच्या नावानं सगळ्या स्वयंपाकाचा घास टाकायचा. पुरणपोळी, आमरस, कुरडई, भजं, वर तूप. तो घास जळला, त्याचा धूर वर गेला, म्हणजे पितर जेवला. घास धुमसत राहिला तर पितर रुसला. त्या वर्षी आमच्या घरात आबांची पहिली आखाजी होती. नानांनी लांबलांबच्या भाऊबंदांना सांगितलं होतं. आपल्या बापाची घागर कशी भरतो हे त्यांना दाखवायचं होतं, आणि आपला गॅसही.

चार दिवस आधीपासून मायचं चाललं होतं. गहू ओलवले, डाळ निवडली, कुरडया उन्हात. मांडे खापरावर करायचे तर शेगडी चालेना, म्हणून नानांनी अंगणात तीन दगड मांडून लाकडं पेटवायची परवानगी दिली, सणापुरती, आणि तीही गावाला दवंडी देऊन. सगळं जागेवर होतं. आखाजीच्या सकाळी मायनं घागर भरली, पाट मांडला, आगारीच्या विस्तवासाठी मातीचं खापर घेतलं आणि एकदम खाली बसली.

"पमे," ती मला म्हणाली, "गोवरी?"

आगारीला विस्तव लागतो तो गोवरीचा. गायीच्या शेणाच्या गोवरीचा. लाकडाचा कोळसा आमच्याकडे चालत नाही, कधीच चालला नाही. आणि आमच्या घरात गोवरी नव्हती. दसऱ्यापासून एकसुद्धा थापली नव्हती. आधीच्या उरल्या होत्या त्या दिवाळीआधी विकून टाकायला नानांनीच सांगितलं होतं, घर कसं मोकळं दिसतं म्हणून. गोवरी संपली हे कोणाच्या ध्यानात कसं आलं नाही असं तुम्ही विचाराल. मला वाटतं, गोवरी ही घरात असतेच, तिच्याकडे कोण बघतं? साबण आहे का, तूप आहे का, हे बायका बघतात. गोवरी म्हणजे भिंतीसारखी.

माय म्हणाली, "जाय, लीलाकाकूकडे देख." मी शेजारी गेले. लीलाकाकू पोळी लाटत होती. "गोवरी?" म्हणाली आणि लाटणं हातातच राहिलं. "अरे देवा. आमनाकडेबी नही!" मी वरच्या गल्लीत गेले, मधल्या गल्लीत गेले. जिथं जाईन तिथं बाई दारात उभी, हात पिठाचे, आणि तोंडावर तोच चेहरा. नियम सगळ्यांनी पाळला होता. आमच्या गावात असा नियम त्याआधी कधी पाळला गेला नव्हता आणि त्यानंतरही नाही. साऱ्या गावाचे पितर जेवायला निघाले होते आणि गावात विस्तव नव्हता. ओल्या शेणाची गोवरी वाळायला तीन दिवस लागतात, त्या उन्हातसुद्धा.

परत येऊन मायला सांगितलं. तिनं हातातलं खापर खाली ठेवलं. मग हळू म्हणाली, "सायजाकडे शेतीन. तिनी माघमा थापेल व्हत्यात." मी नाही म्हटलं. "नानाले कळनं तर?" माय म्हणाली, "त्यास्ना बापनी आगारी शे. जाय. सांग, मायनी धाडं. आन सांग, चार टोपल्या शेन धाडसू तिले, सनना मंग."

भिलाटीत तेव्हा मी एकटी कधी गेले नव्हते. सायजाबाईची झोपडी शेवटची. मागे गोवऱ्यांची रास, वर शेण-मातीनं लिंपलेली, पाऊस लागू नये म्हणून. नानांच्या नियमाआधी गोळा केलेलं तिचं सगळं त्यात होतं. पावसाळ्याची बेगमी. त्यानंतर तिला टोपलीभर शेण कोणी उचलू दिलं नव्हतं, म्हणजे ती रास संपली की संपली. हे मला तेव्हाही दिसत होतं. न कळण्यासारखं त्यात काय होतं?

ती बाहेर आली. "नानानी पोर ना तू? आज इकडे कथी?"

मी खाली बघत म्हटलं, "मायनी धाडं. दोन-तीन गोवऱ्या पाहिजेत. आबानी आगारी शे."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागली. हसता हसता खाली बसली. "बठ्ठं, सारं शेन टाकीमा घाली दिधं, अन आते पितरं उपाशी का? शेगडीवर टाका ना घास! तुना आबाले निळ्या जाळवर जेवाडा!" मी तशीच उभी. डोळ्यांत पाणी आलं, रागानं. तिनं ते बघितलं असावं. उठली, राशीचं लिंपण एका बाजूनं फोडलं आणि चांगल्या गोल, वाळलेल्या पाच गोवऱ्या माझ्या ओटीत घातल्या.

"हाई आबानं नावनं," ती म्हणाली. "नानानं नावनं नही. घर जाईसन तसंच सांग."

मी चार टोपल्या शेणाचं सांगितलं. ती म्हणाली, "धाडसी तव्हय देखसू."

घरी येऊन मी तसंच सांगितलं, एक शब्द न गाळता. माय म्हणाली, "बोलू दे. काम व्हयनं ना."

पण वाटेत मला लीलाकाकू दिसली होती. "कथाइन आन्यात गं?" म्हणाली, आणि मी सांगून टाकलं. त्यानंतर काय झालं ते मी आमच्या ओट्यावरून बघितलं. आधी लीलाकाकू गेली. मग तिची जाऊ. मग वरच्या गल्लीतल्या बायका, मग मधल्या, डोक्यावर पदर, हातात टोपली. माहेरी आलेल्या लेकीही गेल्या, नव्या लुगड्यांत, एकमेकींना कोपर मारत. एरवी भिलाटीच्या वाटेनं जाताना ज्या अंग चोरून चालत, त्याच. विस्तवाचं मोल करायचं नसतं असं आमच्याकडे म्हणतात. पितरांच्या विस्तवाचं तर नाहीच. त्यामुळे कोणी पैसा दिला नाही, दाणा दिला नाही. प्रत्येकीनं म्हटलं, "बाई, दोनच." मग सासरच्या पितरांच्या दोन, माहेरच्यांच्या दोन, एखादी फुटली तर म्हणून एक. पहिल्या काही जणींना सायजाबाईनं आपल्या हातानं काढून दिल्या असं लीलाकाकू सांगत होती. मग तिच्या हातातली गोष्ट राहिली नाही. पितरं दारात उभी असताना ती नाही म्हणणार कशी? आणि तिनं म्हटलं असतं तरी ऐकणार कोण होतं?

आमची आगारी झकास झाली. पाचही गोवऱ्या लालबुंद फुलल्या. नानांनी सोवळं नेसून आबांच्या नावानं घास टाकला, तूप सोडलं, आणि जाळ असा भपकन उठला की भाऊबंदांतले म्हातारे "वा, वा" म्हणाले. नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांचं बापावर प्रेम होतं, त्यात मला शंका नाही. विस्तव कुठला हे त्यांना ठाऊक होतं का? होतं. मायनं त्यांना सांगितलं होतं, मी ऐकलं. ते म्हणाले, "बरं," आणि सोवळं नेसायला गेले. मग पंगत बसली. मांडे, आमरस, कुरडया. मीही जेवले, पोट दुखेपर्यंत जेवले. जेवण फार चांगलं होतं. आजही आमरसाची वाटी पुढे आली की मला त्या दिवसाची चव आठवते. मला ती आठवायला नको असते.

संध्याकाळी पोरींबरोबर झोक्यावर गेले तेव्हा निंबावरून भिलाटी दिसायची. उंच झोका गेला की सायजाबाईच्या झोपडीमागचं दिसायचं. रास नव्हती. जिथं रास होती तिथं जमिनीवर एक गोल काळा डाग होता आणि ती तिथं बसून खराट्यानं चुरा गोळा करत होती. मी झोका थांबवला. पोरी म्हणाल्या, "काय व्हयनं वं?" मी म्हटलं, "चक्कर येस."

रात्री जेवताना मायनं शेणाचं काढलं. चार टोपल्या कबूल केल्यात म्हणाली. नाना म्हणाले, "आपलं शेन आपलं ऱ्हायनं नही, ते सोसायटीनं शे. सेक्रेटरीच चोरी करी तर गाव काय करी? एकले दिधं म्हंजे बठ्ठा मांगतीन." माय म्हणाली, "मी शबद देल शे." नाना म्हणाले, "तुले कोनी सांगं देवाले?" आणि विषय संपला. नाना खोटे नव्हते. नियम म्हणजे नियम, तो आपल्या घरालाही, असं ते मानायचे आणि तसं वागायचे. मला आयुष्यात पुढे बरेच लबाड लोक भेटले. नानांच्या खरेपणानं जितकं नुकसान केलं तितकं त्यांच्या लबाडीनं केलेलं मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, सकाळच्या गॅसच्या वेळेला जळगावचे साहेब जीपमधून आले. सणानिमित्त नानांनीच बोलावलं होतं. ओट्यावर खुर्च्या टाकल्या, गावातले दोन-चार मोठे बसले, मायनं शेगडीवर चहा ठेवला. साहेब म्हणाले, "वा, धुराचं नाव नाही! स्वयंपाकघर म्हणजे देवघर केलंत नाना तुम्ही." नाना खुलले. गाव आता कसं सुधारलं, बायकांचे डोळे कसे सुधारले, सगळं सांगत होते. आणि समोरून सायजाबाई आली. एका हातात पितळी परात, परातीत मळलेलं पीठ, वर फडकं. ओट्याखाली उभी राहिली आणि पुरुषांकडे न बघता दारातल्या मायला म्हणाली,

"अक्का, जाळ दे. भाकरी टाकनी शेत."

माय म्हणाली, "कसा जाळ?"

"जो शे तो. घरमा एक गोवरी नही ऱ्हायनी. काल बठ्ठं गाव लई गयं. पावसाळानं पावसाळामा देखसू, आजनं काय? पीठ आंबी जाई."

साहेबांनी विचारलं, "काय म्हणतात या?"

"काही नाही साहेब," नाना म्हणाले, "गावातलंच आहे."

"यांच्याकडे कनेक्शन नाही का?"

"जनावर नाही त्यांच्याकडे, साहेब. शेण द्यायचं नाही आणि गॅस मागायचा, सोसायटी कशी चालेल?"

साहेबांनी मान हलवली. "नाही, ते बरोबर आहे. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे."

सायजाबाई पहिल्यांदा त्यांच्याकडे वळली. "मी शेन दिधं ना, साहेब. काल बठ्ठास्ना घर मन्हंच शेन जळनं. नानास्ना बाप त्यावरच जेवना. विचारा."

 नाना चहाच्या बशीकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. आता ते उठतील, म्हणतील, पमे, शेगडी पेटव, असं मला एक क्षण वाटलं. साहेब हसले. "बाई हुशार आहे," म्हणाले, आणि चहा प्यायले. मग सगळेच थोडं थोडं हसले, सुटका झाल्यासारखे. नानाही.

प्रश्न आता मायचा होता. शेगडी मायच्या ताब्यातली, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सायजाबाईला आत घ्यायचं म्हणजे भिलाटीतल्या बाईला चुलीपाशी घ्यायचं. आमच्या घरात ते कधी झालं नव्हतं. ती निंदायला आली की पाणीसुद्धा आम्ही वरून ओतायचो. तिची परात आत घेऊन मायनं भाकरी थापून दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यासाठी तिचं मळलेलं पीठ हातात घ्यावं लागलं असतं. माय त्या परातीकडे बघत राहिली. मी तिचा चेहरा बघत होते. ती वाईट बाई नव्हती. तिनं शब्द दिला होता, आणि तो मोडला याचं तिला लागलं होतं. शेवटी ती आत वळली. दुरडीतून आदल्या दिवशीचा एक मांडा आणि तीन भाकरी काढल्या, वर लोणच्याची फोड ठेवली, बाहेर आली आणि हात न लागू देता वरून त्या तिच्या परातीत सोडल्या, मळलेल्या पिठावर.

"घे बाई. सनना शे."

सायजाबाईनं परात ओट्याच्या कडेला ठेवली. एकेक करून भाकरी काढल्या, मांडा काढला, आणि साहेबांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर ओट्यावर नीट रचल्या. लोणच्याचं तेल पिठाला लागलं होतं, तेवढा गोळा चिमटीनं तोडून बाजूला ठेवला. फडकं परत घातलं.

"मी भाकर नही मांगी, अक्का," ती म्हणाली. "जाळ मांगा."

आणि गेली. त्या पिठाचं तिनं काय केलं मला माहीत नाही. पावसाळ्यात ती चोपड्याकडे कुठेतरी निघून गेल्याचं ऐकलं, तिकडे डोंगरात लाकूड मिळतं म्हणून. नंतर ती आमच्या केळीत निंदायला कधी आली नाही.

जीप गेल्यावर माय ओट्यावर आली. त्या भाकरींना आता सायजाबाईचा हात लागलेला होता, त्यामुळे त्या दुरडीत परत जाणार नव्हत्या. माय म्हणाली, "पमे, उचल त्या. गायले घाल."

मी उचलल्या आणि गोठ्यात नेल्या. मांडासुद्धा. गायीनं सगळं खाल्लं, लोणचं लागलेला गोळाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं शेण टोपलीत भरलं आणि टाकीवर नेऊन दिलं. संध्याकाळी मायनं काडी ओढली, आणि शेगडी पेटली.